सापळ्यातला इलेक्ट्रॉन

हान्स डेमेल्ट गटिंगेन विद्यापीठात शिकत होते तेव्हाची गोष्ट. स्टालिनग्राडच्या वेढ्यातून बचावलेला, पुढे बास्तोनच्या लढाईत अमेरिकनांच्या हाती लागून युद्धकैदी झालेला हा जर्मन तरुण सुटकेनंतर भौतिकशास्त्राच्या वर्गात येऊन बसला होता. एके दिवशी त्याचे शिक्षक रिशार्ड बेकर यांनी फळ्यावर खडूने एक ठिपका काढला, हा इथे एक इलेक्ट्रॉन आहे असे सांगितले आणि ते पुढच्या गणिताकडे वळले. डेमेल्ट मात्र त्या ठिपक्यापाशीच थबकला. क्वांटम सिद्धान्ताप्रमाणे अगदी स्वस्थ बसलेला इलेक्ट्रॉन एका जागी नसतोच, त्याची लहर सगळीकडे पसरलेली असते. मग ‘इथे’ म्हणजे नेमके कुठे? आणि एकटा, जागच्या जागी असलेला इलेक्ट्रॉन कुणी कधी हाताळला होता?

कुणीच नाही. क्वांटम यांत्रिकीच्या जनकांपैकी एक असलेल्या एर्विन श्रोडिंगर यांनी १९५२ मध्ये हे स्पष्टच लिहिले होते. एका इलेक्ट्रॉनवर किंवा एका अणूवर प्रयोग आपण फक्त कल्पनेत करतो, प्रत्यक्षात ते करणे प्राणिसंग्रहालयात इक्थिओसॉर पाळण्याइतके अशक्य आहे, असा त्यांचा सूर होता. इक्थिओसॉर हा कोट्यवधी वर्षांपूर्वी नष्ट झालेला सागरी सरीसृप. श्रोडिंगर १९६१ मध्ये वारले. त्यानंतर बारा वर्षांनी, १९७३ साली, अमेरिकेत सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात डेमेल्ट आणि त्यांचे सहकारी डेव्हिड वाइनलँड व फिलिप एक्स्ट्रॉम यांनी एकच इलेक्ट्रॉन सापळ्यात धरून दाखवला.

विद्युतभार असलेला कण विद्युतक्षेत्राच्या भिंती उभारून कोंडून ठेवावा, ही कल्पना कुणालाही सुचेल. पण सॅम्युएल अर्नशॉ या इंग्रज धर्मगुरू-गणितज्ञाने १८४२ मध्येच सिद्ध केले होते, की स्थिर विद्युतक्षेत्र कितीही कौशल्याने रचले तरी त्यात विद्युतभारित कण स्थिर राहू शकत नाही. दोन दिशांनी वाट अडवली की तिसऱ्या दिशेला ती उघडतेच. यातून सुटण्याचे दोन मार्ग निघाले. पहिल्यात विद्युतक्षेत्राच्या जोडीला जोरदार चुंबकीय क्षेत्र असते. ते कणाला गोलगोल फिरत ठेवते, त्यामुळे त्याला बाजूला पळता येत नाही, आणि वरखालच्या वाटा विद्युतक्षेत्र बंद करते. फिलिप्स कंपनीतले डच शास्त्रज्ञ फ्रान्स पेनिंग यांनी १९३० च्या दशकात निर्वात मोजण्याच्या एका उपकरणात विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची अशी सांगड घातली होती. तिची आठवण ठेवून डेमेल्ट यांनी या रचनेला पेनिंग सापळा हे नाव दिले.

दुसरा मार्ग बॉनच्या वोल्फगांग पाउल यांचा. त्यात चुंबक लागत नाही. विद्युतक्षेत्राची दिशाच सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट केली जाते. या क्षणी उघडी असलेली वाट पुढच्या क्षणी बंद होते, आणि कण बाहेर पडायच्या आत पुन्हा मध्यभागी ढकलला जातो. नोबेल व्याख्यानाच्या वेळी पाउल यांनी याचे एक यांत्रिक प्रारूप दाखवले होते: घोड्याच्या खोगिराच्या आकाराचा एक पृष्ठभाग आणि त्यावर ठेवलेली एक गोळी. खोगीर स्थिर असेल तर गोळी घरंगळून खाली पडते. तेच खोगीर योग्य वेगाने गरगर फिरवले की ती मधोमध टिकून राहते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी एखाद्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात तो प्रयोग जरूर पाहावा. पाहूनही पटत नाही, पण गोळी मात्र पडत नाही. पाउल आणि डेमेल्ट यांना १९८९ चे नोबेल पारितोषिक नॉर्मन रॅम्सी यांच्याबरोबर विभागून मिळाले. या रॅम्सींची गाठ आपल्याला पुढे पुन्हा पडणार आहे.

डेमेल्ट यांच्या गटाने १९८४ मध्ये एक पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारित प्रतिकण, सुमारे तीन महिने कोंडून ठेवला. त्या कणाला त्यांनी प्रिसिला असे नाव दिले. विश्वातले सगळे पॉझिट्रॉन तंतोतंत सारखे असतात, तेव्हा एकाला नाव ठेवणे हा तर्काच्या दृष्टीने वेडेपणाच. पण तीन महिने तोच तो कण रोज भेटत राहिल्यावर माणसे दुसरे काय करणार? जर्मनीत हायडेलबर्ग येथे पेटर टोशेक यांच्या गटाने डेमेल्ट यांच्या सहकार्याने १९८० च्या सुमारास बेरियमचा एकच आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, पाउल सापळ्यात धरून लेसरच्या प्रकाशात त्याचे छायाचित्र घेतले. श्रोडिंगरांच्या लेखानंतर तीस वर्षे उलटायच्या आत एकटा अणू चित्रातला निळसर ठिपका होऊन समोर आला होता.

सापळ्याचे खरे सामर्थ्य वेळेत आहे. प्रयोगशाळेतल्या नळीतून सुसाट जाणारा कण मोजणाऱ्याला क्षणाचाही अवसर देत नाही. कोंडलेल्या कणाला तोच प्रश्न तास, दिवस, महिने विचारता येतो. आणि भौतिकशास्त्रात वारंवारता मोजण्याइतकी अचूक दुसरी कोणतीही मोजणी नाही. जितका वेळ मोजाल तितकी ती अचूक होत जाते.

इलेक्ट्रॉन हा एक सूक्ष्म चुंबकही असतो. त्या चुंबकत्वाचे माप ‘जी’ या अंकाने सांगतात. पॉल डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणानुसार तो अंक बरोबर २ यायला हवा. १९४७ मध्ये पॉलिकार्प कुश आणि हेन्री फोली यांच्या प्रयोगात तो २ पेक्षा हजारांत एखाद्या भागाने जास्त निघाला. पुढच्याच वर्षी ज्युलियन श्विंगर यांनी कारण दाखवून दिले. निर्वात पोकळी रिकामी नसते. इलेक्ट्रॉन तिथे क्षणभंगुर प्रकाशकण सतत सोडतो आणि परत घेतो, आणि या देवघेवीमुळे त्याचे चुंबकत्व किंचित वाढते. म्हणजे हा अंक पुरेशा बारकाईने मोजला, तर पोकळीत क्षणभर डोकावून जाणाऱ्या प्रत्येक जातीच्या कणाची नोंद त्याच्या शेवटच्या आकड्यांमध्ये सापडेल. आपल्याला अजून माहीत नसलेल्या कणांचीसुद्धा.

डेमेल्ट, रॉबर्ट व्हॅन डाइक आणि पॉल श्विनबर्ग यांनी १९८७ मध्ये हा अंक विलक्षण अचूकतेने मोजला. डेमेल्ट यांच्याकडेच घडलेले जेराल्ड गॅब्रिएल्स यांनी ते काम पुढे नेले, आधी हार्वर्डला आणि मग नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात. निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर थंड केलेल्या पेनिंग सापळ्यात एक इलेक्ट्रॉन ठेवायचा. त्याच्या फिरण्याची ऊर्जा पायरीपायरीने बदलते. एकेक पायरी चढता-उतरताना त्याला टिपायचे. मग त्याच्या फिरण्याची वारंवारता आणि त्याच्यातल्या चुंबकाच्या डोलण्याची वारंवारता यांची तुलना करायची. २०२३ साली त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेला ‘जी’चा निम्मा आकडा १.००११५९६५२१८०५९ असा आहे आणि त्यातले फक्त शेवटचे दोन अंक डळमळीत आहेत. दहा लाख कोटी भागांत एखाददुसऱ्या भागाचाच काय तो संशय. कोणत्याही मूलकणाचा कोणताही गुणधर्म माणसाने याहून अचूक मोजलेला नाही.

दुसऱ्या बाजूला सिद्धान्ताचे काम तितकेच अचाट आहे. कॉर्नेल विद्यापीठातले तोइचिरो किनोशिता आणि त्यांचे जपानी सहकारी यांनी या आकड्याच्या गणितातली केवळ एक पायरी पूर्ण करण्यासाठी १२,६७२ आकृत्यांचे हिशेब केले. ती पायरी २०१२ मध्ये पुरी झाली. त्या वेळी किनोशिता पंच्याऐंशी ओलांडून पुढे गेले होते. प्रयोग आणि गणित यांचा मेळ एक लाख कोटींत एका भागाच्या आसपास बसतो.

एवढी अचूकता गाठल्यावर अडचण भलतीकडूनच आली. हिशेबात एक अंक बाहेरून घालावा लागतो. विद्युतचुंबकीय बलाचा जोर सांगणारा हा अंक १३७ च्या व्यस्ताजवळ आहे. तो मोजण्यासाठी अतिथंड अणूंना लेसरचा धक्का देऊन ते किती मागे हटतात हे पाहतात. बर्कली येथे २०१८ मध्ये सीझियमच्या अणूंवरून या अंकाचा व्यस्त १३७.०३५९९९०४६ मिळाला. पॅरिसमध्ये २०२० मध्ये रुबिडियमवरून मिळाला १३७.०३५९९९२०६. पहिले सहा दशांश अगदी जुळतात, पुढे वाटा फुटतात, आणि ही फारकत दोन्ही गटांनी सांगितलेल्या त्रुटींच्या कितीतरी पलीकडची आहे. दोघांपैकी निदान एकाच्या मोजणीत कुठेतरी खोट असणार. ती सापडेपर्यंत सापळ्यातला इलेक्ट्रॉन काय सांगतो आहे याचा शेवटचा निकाल लागत नाही.

विद्युतचुंबकीय बलाचा हा अंक काळानुसार बदलतो का, हेही सापळ्यातल्या आयनांना विचारून झाले आहे. कोलोरॅडोतल्या बोल्डर येथील ‘निस्ट’ या मापन संस्थेत ॲल्युमिनियमचा एक आयन आणि पाऱ्याचा एक आयन यांच्यावर चालणारी दोन घड्याळे वर्षभर ताडून पाहिली गेली. २००८ चा निष्कर्ष असा, की बदल असलाच तर तो वर्षाला हजार कोटी-कोटींत काही भागांहून जास्त नाही. अशाच घड्याळांपैकी एक दुसऱ्यापेक्षा ३३ सेंटिमीटर वर ठेवले तर ते किंचित पुढे जाते, हे २०१० मध्ये तिथेच दिसले. आइन्स्टाइन यांनी सांगितलेला हा परिणाम आधी विमाने आणि उपग्रहांमधल्या घड्याळांवरून पडताळला गेला होता, आता त्याला जिन्याच्या दोन पायऱ्या पुरतात. पुण्यात आयुकाच्या आवारात यटर्बियमचा एकच आयन सापळ्यात धरून असे प्रकाशीय घड्याळ उभारण्याचे काम चालू आहे.

यापुढचा प्रश्न मात्र घड्याळांपेक्षा फार जुना आहे. जगात काहीतरी आहे, ते का?

महास्फोटानंतर द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारख्याच प्रमाणात निर्माण झाले असावे, असे आजचे भौतिकशास्त्र मानते. कण आणि प्रतिकण समोरासमोर आले की दोघेही नष्ट होतात आणि प्रकाश उरतो. समसमान असते तर सगळा हिशेब शून्यावर मिटला असता. दीर्घिका, सूर्य, सह्याद्री, हा लेख वाचणारे डोळे, काहीच उरले नसते. उरले, कारण साधारण शंभर कोटी प्रतिकणांमागे द्रव्याचा एखादा कण जास्त होता. तो जास्तीचा एक कुठून आला? १९६७ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्ह यांनी यासाठी लागणाऱ्या अटी मांडल्या. त्यांतली एक अशी, की निसर्गाचे नियम द्रव्य आणि प्रतिद्रव्याला अगदी सारखे वागवणारे नसावेत. असा दुजाभाव १९६४ मध्ये जेम्स क्रोनिन आणि व्हॅल फिच यांना केऑन नावाच्या कणांमध्ये सापडलाही होता. पण स्टँडर्ड मॉडेल या आजच्या सर्वमान्य सिद्धान्तात बसणारा दुजाभाव इतका किरकोळ आहे, की त्यातून हे विश्व उभे राहत नाही. आणखी काहीतरी असले पाहिजे.

ते शोधायचा सरळ मार्ग म्हणजे प्रतिद्रव्यच धरून तपासायचे. गॅब्रिएल्स यांनी १९८६ मध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’मध्ये पहिल्यांदा प्रतिप्रोटॉन सापळ्यात पकडले. प्रतिप्रोटॉन आणि पॉझिट्रॉन यांची जोडी जमवून प्रतिहायड्रोजनचे अणू बनवता येतात, पण ते विद्युतभाररहित, त्यामुळे पेनिंग आणि पाउल दोघांचेही सापळे त्यांच्यावर निकामी ठरतात. त्यांना चुंबकीय क्षेत्राच्या खळग्यात ठेवावे लागते. तो खळगा इतका उथळ असतो, की निरपेक्ष शून्याच्या वर अर्धा अंश तापमान असले तरी अणू बाहेर उडून जातो. सर्नच्या ‘अल्फा’ गटाने २०१० मध्ये असे ३८ अणू पकडल्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी त्यांनी प्रतिहायड्रोजन १,००० सेकंद टिकवला. काही वर्षांनी त्याच्यावर लेसर सोडून त्याच्या वर्णपटातली एक रेषा मोजली. हायड्रोजनशी तुलना केली. फरक नाही.

सप्टेंबर २०२३ मधला त्यांचा प्रयोग तर ऐकायलाच गमतीचा आहे. प्रतिद्रव्य खाली पडते की वर? शास्त्रज्ञांपैकी बहुतेकांना उत्तराची खात्री होती, तरी ते कुणी प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. उभ्या सापळ्यात प्रतिहायड्रोजनचे अणू ठेवून वरचे आणि खालचे झाकण हळूहळू उघडले, आणि ते कुठून निसटून भिंतीवर नष्ट होतात ते मोजले. बहुसंख्य अणू खालच्या बाजूने गेले. गुरुत्वाचा ओढा नेहमीइतकाच असल्याचे दिसले, मोजणीतल्या बऱ्याच मोठ्या अनिश्चिततेसह. सर्नच्याच ‘बेस’ गटाने प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन यांचे विद्युतभार व वस्तुमान यांचे गुणोत्तर लाख कोटींत १६ भागांपर्यंत सारखे असल्याचे दाखवले. प्रतिप्रोटॉन सर्नबाहेरच्या अधिक शांत प्रयोगशाळेत नेता यावेत म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी रंगीत तालीम केली: ७० प्रोटॉन असलेला सापळा ट्रकवर चढवून सर्नच्या आवारातून फिरवून आणला.

द्रव्य आणि प्रतिद्रव्य समोरासमोर ठेवून अशी फारकत सापडलेली नाही. दुसरा मार्ग आडवळणाचा आहे, आणि मला तोच अधिक विस्मयकारक वाटतो. त्यात प्रतिद्रव्य लागतच नाही. साध्या इलेक्ट्रॉनचा आकार तपासायचा.

आकार म्हणजे त्याच्याभोवतीच्या विद्युतभाराची मांडणी. ती सर्व बाजूंनी सारखी आहे, की एका टोकाला किंचित जास्त आणि दुसऱ्याला किंचित कमी? असा कमीजास्तपणा असेल तर इलेक्ट्रॉनला विद्युत द्विध्रुव आहे असे म्हणतात. इलेक्ट्रॉनला स्पिन, म्हणजे स्वतःभोवतीच्या गिरकीसारखा एक गुणधर्म, असते, तेव्हा हा द्विध्रुव स्पिनच्या अक्षालाच धरून असणार. आता काळ उलटा फिरवल्याची कल्पना करा. स्पिनची दिशा उलटेल, पण विद्युतभाराची मांडणी आहे तशीच राहील. म्हणजे काळ उलटा केल्यावर मिळणारा इलेक्ट्रॉन मूळच्यापेक्षा वेगळा निघेल. काळाच्या दोन दिशांमध्ये भेद करणारा नियम कण आणि प्रतिकण यांच्यातही भेद करतो, असे भौतिकशास्त्रातले एक अतिशय भक्कम प्रमेय सांगते. तेव्हा इलेक्ट्रॉनचा द्विध्रुव सापडणे म्हणजे साखारोव्ह यांच्या अटीचा नवा पुरावा हाती येणे. स्टँडर्ड मॉडेलनुसार हा द्विध्रुव असायला हवा, पण आजच्या उपकरणांच्या आवाक्यापेक्षा निदान लाखो पटींनी लहान. त्यामुळे आज तो दिसलाच, तर ते नव्या कणांचे काम असणार यात संशय राहत नाही.

अशा द्विध्रुवाचा शोध घ्यावा हे एडवर्ड पर्सेल आणि मघाचे नॉर्मन रॅम्सी यांनी १९५० मध्ये न्यूट्रॉनच्या बाबतीत सुचवले. त्या काळी आरशातल्या प्रतिबिंबात निसर्गाचे नियम बदलत नाहीत हे इतके गृहीत होते, की ती सममितीही मोडणाऱ्या द्विध्रुवाचा शोधच अनेकांना निरर्थक वाटला. रिचर्ड फाइनमन यांनी रॅम्सींशी पन्नासास एक अशी पैज लावली होती, की आरशाची सममिती मोडलेली दिसणार नाही. १९५७ मध्ये च्यन-श्युंग वू यांच्या प्रयोगाने ती मोडली आणि फाइनमन यांनी पन्नास डॉलर मोजले. द्विध्रुव मात्र तेव्हाही सापडला नाही.

इलेक्ट्रॉनचा द्विध्रुव मोजायचा तर त्याला विद्युतक्षेत्रात ठेवायला हवे. द्विध्रुव असेल तर कललेला भोवरा डोलतो तसे त्याचे स्पिन त्या क्षेत्राभोवती डोलू लागेल. पण मोकळा इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्रात ठेवला की तो तत्क्षणी धन टोकाकडे पळतो. ऑक्सफर्डच्या पॅट्रिक सँडर्स यांनी १९६० च्या दशकात वाट दाखवली: इलेक्ट्रॉन अणूच्या आतच राहू द्यावा. जड अणूमध्ये केंद्रकाजवळून इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाशी तुलना व्हावी अशा गतीने जातात आणि सापेक्षतेच्या नियमांमुळे द्विध्रुवाचा परिणाम कित्येक पटींनी वाढतो. जड अणू असलेला रेणू घेतला तर आणखीच. थोरियम मोनॉक्साइडच्या रेणूत इलेक्ट्रॉनला दर सेंटिमीटरला सुमारे ७८ अब्ज व्होल्ट इतके परिणामी क्षेत्र भेटते. हवेत ३०,००० व्होल्टला ठिणगी पडते हे लक्षात घेतले म्हणजे कळेल, की असले क्षेत्र माणसाने बांधलेल्या कोणत्याही यंत्रात उभे राहणार नाही. रेणूत ते फुकट मिळते.

थोरियमच्या या रेणूंचा झोत वापरून हार्वर्ड आणि येल इथल्या ‘ॲक्मी’ गटाने २०१४ आणि २०१८ मध्ये द्विध्रुवाची कमाल मर्यादा खाली आणली. पण झोतातला रेणू मोजणीच्या जागेतून सुमारे एक सहस्रांश सेकंदात निघून जातो. बोल्डरमधल्या ‘जिला’ या संस्थेत एरिक कॉर्नेल यांनी वेगळाच विचार केला. हे तेच कॉर्नेल, ज्यांनी कार्ल वीमन यांच्यासह १९९५ मध्ये सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या कल्पनेतून उगम पावलेली द्रव्याची नवी अवस्था रुबिडियमच्या अणूंमध्ये प्रथम प्रत्यक्षात आणली आणि २००१ चे नोबेल मिळवले. रेणू पळतो ना, मग तो विद्युतभारित करून सापळ्यात ठेवू, असे त्यांनी ठरवले.

त्यांनी निवडला हाफ्नियम फ्लोराइडचा आयन. इथे मोठा पेच आहे. द्विध्रुव मोजण्यासाठी बाहेरून थोडे विद्युतक्षेत्र लावून रेणूंना एका दिशेला वळवावे लागते, आणि आयनवर विद्युतक्षेत्र लावले की तो पळतो, म्हणजे सापळ्याचा उद्देशच फसतो. यावरचा तोडगा अजब आहे. क्षेत्राची दिशा सेकंदाला पावणेचार लाख वेळा गोल फिरवायची. आयन त्याच्यामागे धावतो, पण पोचायच्या आत दिशा बदललेली असते, आणि जेमतेम एक मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात तो घिरट्या घालत राहतो. रेणूचा अक्ष मात्र क्षेत्राबरोबर इमानाने वळत जातो. ज्या निबंधात ही योजना तपशीलवार मांडली गेली त्याचे पहिले लेखक एरन लीनहार्ट पुढे भौतिकशास्त्र सोडून बेसबॉलकडे गेले, आणि २०२५ मध्ये अमेरिकेत गाजलेली ‘टॉर्पेडो’ बॅट त्यांच्याच डोक्यातून निघाली.

सापळ्यात हजारो आयन असतात. लेसरने त्यांना एका विशिष्ट अवस्थेत आणायचे, स्पिनना मोकळे सोडायचे, तीन सेकंदांपर्यंत थांबायचे, आणि मग दुसऱ्या लेसरने रेणू फोडून त्याचे तुकडे मोजायचे. ते कसे फुटले यावरून स्पिन किती वळले ते कळते. तीन सेकंद म्हणजे झोतातल्या रेणूला मिळणाऱ्या वेळेच्या हजारो पट. झोतात रेणू अगणित आणि वेळ थोडा; इथे आयन मोजके आणि वेळ भरपूर. द्विध्रुव उलट दिशांना असलेल्या दोन अवस्थांची तुलना करत, फिरण्याची दिशा आणि चुंबकीय क्षेत्र उलटसुलट करत हे पुन्हा पुन्हा केले गेले. निकाल मनाजोगा वाकवला जाऊ नये म्हणून मूळ आकड्यात संगणकाने एक गुप्त आकडा मिसळून ठेवला होता; सर्व त्रुटींचा हिशेब पूर्ण झाल्यावरच तो वजा केला. शेवटी उरलेली अनिश्चितता इतकी बारीक होती, की ज्या डोलण्याची एक फेरी पूर्ण व्हायला अर्धा दिवस लागेल तेही नजरेतून सुटले नसते.

जुलै २०२३ मध्ये आलेले उत्तर: शून्य. म्हणजे, असलाच तर इलेक्ट्रॉनचा द्विध्रुव ‘इलेक्ट्रॉनचा विद्युतभार गुणिले सेंटिमीटर’ या एककात ०.०००...४१ पेक्षा लहान आहे, दशांश चिन्हानंतर २९ शून्ये आणि मग ४१. आधीच्या मर्यादेपेक्षा ही सुमारे अडीचपट कडक. इलेक्ट्रॉन पृथ्वीएवढा फुगवला तर त्यावरचा अणूएवढा उंचवटाही दिसला असता, अशी तुलना त्या वेळी दिली गेली. ती मनात ठसते खरी, पण जरा फसवी आहे, कारण इलेक्ट्रॉनला स्वतःची त्रिज्या असल्याचे आजवर कुठल्याच प्रयोगात दिसलेले नाही.

शून्य हे उत्तर वर्तमानपत्राच्या मथळ्याला शोभत नाही. तरी या शून्याने पुष्कळ काही पुसून टाकले. स्टँडर्ड मॉडेलच्या पलीकडे जाण्यासाठी गेल्या चाळीसेक वर्षांत मांडल्या गेलेल्या अनेक सिद्धान्तांत इलेक्ट्रॉनचा द्विध्रुव आजच्या मर्यादेच्या वरच यायला हवा होता. त्यांपैकी काही मोडीत निघाले, काहींना स्वतःला बरेच वाकवून घ्यावे लागले. हे सिद्धान्त ज्या जड कणांची कल्पना करतात ते निर्माण करायला जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचे सर्नचे महायंत्रही अपुरे पडेल, आणि त्यांच्याविषयी एका टेबलावर मावणारा प्रयोग बोलू शकतो. सर्नचे यंत्र निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. टेबलावरचा प्रयोग कणाची चाहूल देऊ शकतो, तो कण कोणता हे सांगू शकत नाही.

पुढची तयारी अनेक गटांत सुरू आहे. ॲक्मीने थोरियम मोनॉक्साइडचा झोत अधिक लांब अंतरावर, अधिक वेळ मोजता येईल असे उपकरण हाती घेतले आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये यटर्बियम फ्लोराइडचे रेणू लेसरने थंड केले जातात. अणू थंड करण्यापेक्षा हे कितीतरी अवघड, कारण रेणू फिरतो, थरथरतो आणि ऊर्जा लपवायच्या अनेक जागा त्याच्याकडे असतात. सर्नमध्ये २०२० साली रेडियम फ्लोराइड या किरणोत्सारी रेणूचा लेसरने अभ्यास झाला. रेडियमच्या काही समस्थानिकांची केंद्रके नाशपातीच्या आकाराची असल्यामुळे केंद्रकातला असाच दुजाभाव त्यांत फुगून दिसावा अशी अपेक्षा आहे. आणि जिलामध्ये हाफ्नियमच्या जागी थोरियम येतो आहे. हाफ्नियम फ्लोराइडची मोजणीला उपयोगी अवस्था दोनेक सेकंदांत विरू लागते. थोरियम फ्लोराइडच्या आयनात तीच अवस्था सर्वांत खालची आहे, तिथून आणखी खाली उतरायला जागाच नाही. त्यामुळे थांबण्याचा काळ तीन सेकंदांवरून दहा-वीस सेकंदांपर्यंत नेता येईल. पण वीस सेकंदांनी एकदाच मोजणी व्हायची तर दिवसभरात आकडे फारसे जमायचे नाहीत. म्हणून तिथल्या गटाने एकामागे एक अनेक सापळ्यांची रांग आखली आहे: एका टोकाला नवे आयन भरायचे, ते सापळ्यासापळ्याने पुढे सरकत राहतील, आणि दुसऱ्या टोकाला पोचतील तोवर त्यांचे वीस सेकंद पूर्ण झालेले असतील.